बांबूचं धनुष्य: मोडतं कुठे आणि पैसा अडकतो कुठे

प्रश्न थोडक्यात असा. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातले दोघे भाऊ शाळकरी मुलांच्या सरावासाठी बांबू आणि लाकूड चिकटवून हाताने धनुष्यं बनवतात. गेल्या वर्षी ३० बनवली. ५ बनवतानाच मोडली, १९ विकली, त्यातली ६ परत आली आणि ६ अजून भिंतीला टांगून आहेत. एका निवासी शाळेकडून पैसे यायचे आहेत. आता कर्ज काढून प्लॅनर (रंधा मारायचं यंत्र) आणि हायड्रॉलिक प्रेस (दाबयंत्र) घ्यावा, की हे सोडून पुन्हा दारं-चौकटी करायला लागावं, असं त्यांनी विचारलं आहे.

भाऊ, प्लॅनर घेऊ नका, प्रेसही नको. धंदा बंद करायचंही कारण दिसत नाही. ३० पैकी ११ वाया गेली, पण दोष हाताच्या कसबाचा नाही. तुमचं लाकूड चुकीच्या महिन्यात चुकीच्या ओलाव्यावर चिकटवलं गेलं आहे. पैसाही त्याच कारणाने अडकतो, कारण बांबू दिवाळीनंतर तोडायचा असतो, चिकटवणी होळीच्या आसपास चांगली होते, मागणी शालेय स्पर्धांच्या तोंडावर म्हणजे पावसाळ्यात येते आणि संस्थांचं बिल बरेचदा मार्च अखेरीस निघतं. बांबू घेतल्यापासून पैसा हातात येईपर्यंत पंधरा महिने जातात. या दोन गोष्टी सांभाळल्या नाहीत, तर प्रेस घेऊन तीच चूक जास्त वेगाने होईल.

आधी बांबू. दिवाळी ते संक्रांत या काळात तोडलेलाच घ्या. कोंब फुटायच्या आधीच्या दिवसांत बांबूत पिष्ट जास्त असतं आणि भुंगा त्यासाठीच पोखरतो. खाली पिवळी भुकटी पडलेली दिसली, तर ती कांब धनुष्याच्या कामाची राहिली नाही. तीन ते चार वर्षांची कांब हवी. तिच्या पेरांवरची वाळकी आवरणं गळालेली असतात, कोवळ्या कांबीवरची पांढरी भुकटी गेलेली असते, सालीवर दगडफुलासारखे डाग दिसतात आणि कोयत्याच्या पाठीने ठोकलं तर आवाज टणक येतो. एका वर्षाची हिरवीगार, सरळ कांब दिसायला सुंदर असते, पण वाळताना आक्रसते आणि दोन महिन्यांत वाकून बसते.

आपल्याकडे मानवेल जातीचा बांबू मुबलक आहे आणि घोळ इथूनच सुरू होतो. मानवेल भरीव आणि चिवट असतो, पण जाडीला कमी. धनुष्याच्या पाठीला, म्हणजे निशाणाकडच्या बाजूला, बांबूची साल बाहेर ठेवून पट्टी लावतात, कारण सगळ्यात घट्ट धागे सालीलगत असतात आणि ओढ पाठीवर येते. आता हिशोब करा. ७० मिमी व्यासाच्या मानवेलातून ३८ मिमी रुंद पट्टी काढली, तर ती मधे कडेपेक्षा साधारण ५.६ मिमी उंच असते. आतली बाजू सपाट करून मधली जाडी साडेतीन मिमी ठेवायला गेलं, की कडेला बांबू उरतच नाही. मग कडा जाड ठेवायच्या म्हणून वरची साल रंध्याने खाली घेतली जाते, म्हणजे नेमके कामाचे धागेच कापले जातात. असं धनुष्य शंभर-दोनशे बाणांनंतर पाठीवर शीर उठून मोडतं. १२० मिमी व्यासाच्या काटांगातून (जाड, काटेरी जातीचा बांबू) तीच ३८ मिमी पट्टी काढली तर फुगवटा ३.१ मिमी येतो आणि काम जमतं. काटांग मिळत नसेल तर मानवेलातून २८ मिमी रुंदीचीच पट्टी काढा. तिथे फुगवटा २.९ मिमी येतो. मुलांच्या वीस ते पंचवीस पाउंडांच्या धनुष्याला एवढी रुंदी पुरते. (पाउंड म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणारं बळ, पुढे यालाच धनुष्याचं वजन म्हटलं आहे.) मोठ्यांच्या चाळीस पाउंडांसाठी मानवेलाचा हट्ट धरू नका.

पाठीवरच्या पेरांना हात लावताना जपा. पेराचा उंचवटा पॉलिश पेपरने सपाट केला की धागा तुटतो. फक्त कडेचा धारदार ओठ काढा. पट्टी कापतानाच पेरं मुठीपासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर येतील असं मोजा. एका भुजेत (मुठीच्या एका बाजूच्या वाकणाऱ्या भागात) दोन पेरं आणि दुसरीत तीन असली, की दोन्ही भुजा सारख्या वाकवताना रडायची पाळी येते.

पोटाच्या बाजूला, म्हणजे नेमबाजाकडे, दाब सोसणारं लाकूड लागतं. धामण सगळ्यात चांगली. लवचीक आणि चिवट असल्याने धनुष्याला ती फार जुन्या काळापासून वापरतात. तिवसही चालतो. साग पोटाला नको, मुठीला चालेल, पण तो तेलकट असल्याने चिकटवायच्या अर्धा तास आधी अ‍ॅसिटोनने पुसून घ्यावा लागतो. कागदपत्रांचं इथेच सांगून टाकतो. जंगलाबाहेर लावलेला बांबू २०१७ च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन कायद्यात झाडात मोजला जात नाही. जंगलातला मात्र पावती आणि वाहतूक पासाशिवाय घेऊ नका. वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज आहे आणि सामूहिक वनहक्क मिळालेली ग्रामसभा तो विकू शकते. तुमच्याच जिल्ह्यात मेंढा-लेखा गावाला २०११ मध्ये ग्रामसभेच्या हाती वाहतूक पासांचं पुस्तक आलं, ते याच हक्काने. सरळ ग्रामसभेकडून तीन वर्षांच्या निवडक कांबी थोडा जास्त दर देऊन घेणं परवडतं. मोळीतून निवडत बसलात तर अर्ध्या कांबी कामाच्या निघत नाहीत. धामण, तिवस आणि साग यांना तर परवान्याचा माल आणि बिल हवंच, नाहीतर एका तपासणीत वर्षाची कमाई जप्तीत जाते.

चिरलेल्या पट्ट्या भुंग्यापासून वाचवायला बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं पाणी पुरतं. १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक अ‍ॅसिड घाला. कोमट पाण्यात लवकर विरघळतं. पट्ट्या तीन-चार दिवस पूर्ण बुडवून ठेवा, मग सावलीत आडव्या फळ्यांवर सुटसुटीत वाळवा. चिकटवायच्या आतल्या बाजूवर क्षाराचा थर बसतो. तिथून अर्धा मिमी रंध्याने काढल्याशिवाय गोंद लावू नका. चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवायची जुनी रीतही भुंग्याला चांगली अडवते, पण काजळी चढलेली बाजू गोंदाला चालत नाही.

आता ओलाव्याकडे येतो. तुमची परत आलेली धनुष्यं मला इथेच दिसतात.

लाकूड हवेशी ओलावा देतं-घेतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या वर आणि आर्द्रता विसाच्या आसपास असताना सावलीतलं लाकूड ४-५ टक्के ओलाव्यावर येतं. पावसाळ्यात आर्द्रता ८५ झाली की तेच लाकूड १७-१८ टक्क्यांवर जातं. धनुष्य ८ ते १० टक्क्यांवर नीट चालतं. त्याखाली ते ठिसूळ होतं आणि पूर्ण ओढीला फटकन मोडतं. त्यावर मऊ पडतं, पोट दबतं, बाक कायमचा बसतो आणि वजन उतरतं. १ टक्का ओलावा वाढला की लाकडाचा ताठपणा ढोबळमानाने दोन टक्के कमी होतो. मे महिन्यात तीस पाउंडांचं म्हणून दिलेलं धनुष्य ऑगस्टमध्ये पंचवीसचं भरलं, तर शिक्षक तुम्हालाच खोटं ठरवणार.

ओलावा मोजायला महागडं यंत्र लागत नाही. त्याच लॉटमधला पट्टीचा तुकडा वजनकाट्यावर घाला, समजा ५० ग्रॅम भरला. तो १०३ अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये ठेवा आणि तासाच्या अंतराने दोन वजनं सारखी येईपर्यंत वाळवा. समजा ४४ ग्रॅमवर थांबला. फरक ६, भागिले ४४, म्हणजे १३.६ टक्के. हा लॉट ओला आहे, चिकटवायचा नाही. तसलाच दुसरा ५० ग्रॅमचा तुकडा पट्ट्यांसोबत ठेवा. तो ४८ वर आला की लॉट नऊ टक्क्यांवर आलेला असतो. काट्याची अचूकता ०.१ ग्रॅम हवी. सोनारकामाचा छोटा डिजिटल काटा घ्या, किराणा दुकानातला नको.

पावसाळ्यावर उपाय उबदार पेटीचा. प्लायची १९० सेंमी लांब, ४० रुंद, ४० उंच पेटी करा. खाली साधे ६० वॅटचे चार बल्ब आणि दोन्ही टोकांना एकेक भोक ठेवा. अंडी उबवायच्या पेटीत वापरतात तोच तापमान नियंत्रक लावा. बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल आणि तीच हवा पेटीत ४० अंशांवर नेली, तर आर्द्रता ४३-४४ टक्क्यांवर उतरते आणि लाकूड आपोआप आठ टक्क्यांजवळ येऊन थांबतं. पट्टी तीन मिमीची असेल तर तीन-चार दिवस पुरतात, पोटाच्या जाड लाकडाला दोन-तीन आठवडे लागतात. घाईने साठ अंशांवर वाळवलं तर टोकाला चिरा पडतात.

उन्हाळ्याचा प्रश्न उलटा आहे आणि तो फार जण विसरतात. चिकटवणी ज्या खोलीत करता तिथे डेझर्ट कूलर लावला, की दोन तासांत आर्द्रता वीसवरून सत्तरवर जाते. पट्टीचा वरचा थर ओला आणि आतला कोरडा अशा अवस्थेत गोंद बसतो, मग जोड आतून ताणलेला राहतो. कूलर दुसऱ्या खोलीत लावा. पट्ट्या झाकणाच्या पेटीत ठेवा आणि त्यात कृषी केंद्रातून आणलेल्या मॅग्नेशियम नायट्रेटचा पाण्यात कालवलेला, न विरघळलेले खडे उरतील इतका घट्ट लगदा एका ताटलीत ठेवा. बंद जागेत तो आर्द्रता पन्नासच्या आसपास धरून ठेवतो. ताटली पट्टीला लागू देऊ नका. आर्द्रतामापक खरा आहे का तेही तपासा. बाटलीच्या बुचात ओलं केलेलं मीठ आणि मापक एकाच बंद पिशवीत आठ तास ठेवा. ७५ दाखवायला हवं. ६८ दाखवलं तर पुढच्या प्रत्येक मोजणीत सात मिळवा.

चिकटवणीला फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद नको. दारांना तो उत्तम आहे, पण सतत ताणाखाली हळूहळू सरकतो आणि ओलाव्याने मऊ होतो. दोन भागांचं इपॉक्सी वापरा. अ‍ॅराल्डाइट एडब्ल्यू १०६ आणि एचव्ही ९५३ यांची जोडी असेल तर वजनाने १०० ला ८०, आकारमानाने सम. अंदाजाने पिळलं आणि कडक करणारा भाग कमी पडला, तर जोड वर्षभर रबरासारखा राहतो. उन्हाळ्यात एका वेळी शंभर ग्रॅम कालवू नका. दर दहा अंशांना हाताशी असलेला वेळ निम्म्यावर येतो आणि मोठा गोळा स्वतःच्या उष्णतेनेच घट्ट होतो. एका धनुष्याला चाळीस-पन्नास ग्रॅम पुरतं. ताटलीत पातळ पसरून ठेवा. नायट्राइल हातमोजे वापरा. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा सुरू झाली की जात नाही आणि हे काम सोडावं लागतं.

जोडाच्या दोन्ही बाजू ६० किंवा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरबरीत करा, भुकटी कोरड्या ब्रशने झाडा, त्यानंतर बोट लावू नका. दोन्ही बाजूंना पातळ थर द्या. साच्यावर टोकं ३ ते ५ सेंमी पुढे उलट वाकतील एवढा उलटा बाक ठेवून दाबा. दाब फार नको. इपॉक्सीला नुसता सगळीकडे स्पर्श हवा असतो, जास्त आवळलं की गोंद बाहेर पिळला जातो आणि जोड उपाशी राहतो. हायड्रॉलिक प्रेस नको म्हणतो ते म्हणूनच. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या २५ मिमी पट्ट्या ताणून सर्पिल गुंडाळल्या तर दाब सगळीकडे सारखा पडतो, कुठल्याही पेरावर अडत नाही. मुठीजवळ सहा-सात सेंमीवर एकेक जी क्लॅम्प लावा. बारा तासांनी साच्यावरच ठेवून पेटीत ५५ ते ६० अंशांवर पाच-सहा तास भाजा. हे टाळलं तर साध्या तापमानाला बसलेलं इपॉक्सी पन्नास-साठ अंशांवर मऊ पडतं. पत्र्याच्या खोलीत किंवा बंद जीपमध्ये मे महिन्यात तेवढं तापमान सहज होतं. तुमच्या परत आलेल्या सहापैकी किती जणांनी धनुष्य क्रीडासाहित्याच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं होतं, ते विचारा.

माप साधारण असं धरा: २८ इंच ओढीसाठी लांबी १६८ ते १७३ सेंमी, मूठ १० सेंमी, मुठीपासून भुजेकडे उतार दोन्हीकडे पाच-पाच सेंमी, रुंदी तिथे ३५ ते ३८ मिमी आणि टोकाला १२. बांबूची पट्टी मुठीजवळ तीन-साडेतीन मिमी आणि टोकाला दोनपर्यंत उतरती.

बाक जुळवणं हे या कामाचं काळीज आहे, इथे घाई करणाऱ्याची धनुष्यं परत येतात. ताठपणा जाडीच्या तिसऱ्या घातात बदलतो. १२ मिमीच्या जागी ११.५ झाली की ताठपणा बारा टक्के गेला. रुंदी त्याच प्रमाणात कमी केली तर चारच टक्के जातो. म्हणून शेवटी वजन उतरवायचं तर कडा घ्या, पोट नको. खरवडायचं ते पोटाकडून किंवा कडेने, पाठीला कधीच नाही. दर खरवडीनंतर त्या ओढीपर्यंत वीस-तीस वेळा ओढा, मगच पुन्हा बघा, कारण लाकूड बदल उशिरा दाखवतं. भिंतीवर दर पाच सेंमीला रेघ मारलेली फळी, वर खुंटी, खाली कप्पी आणि लटकता काटा, एवढं साधन पुरे. ठरलेल्या वजनापलीकडे एकदाही ओढू नका. तीस पाउंडांचं करायचं आणि वीस इंचांवरच काटा तीस दाखवतोय, तर तिथेच थांबून खरवडा. पूर्ण ओढीला चाळीस करून मग उतरवू असं म्हटलं, की पोटाच्या पेशी तेव्हाच दबलेल्या असतात. खालची भुजा थोडी ताठ ठेवा, म्हणजे दोरीपासून तिचं अंतर वरच्या भुजेपेक्षा ३ ते ६ मिमी कमी भरेल. दोरी चढवल्यावर मुठीपासून दोरीपर्यंत १५ ते १६.५ सेंमी हवं.

पूर्ण झाल्यावर दोनशे बाण मारून बघितल्याशिवाय माल द्यायचा नाही. दोरी उतरवल्यावर आधीच्यापेक्षा चार सेंमीपर्यंत बाक बसला तर ठीक. पाचच्या वर गेला तर लाकूड ओलं होतं किंवा तुम्ही जास्त ओढलं. दोरी डॅक्रॉनची घ्या, ३५ पाउंडांपर्यंत १० पदर, ४५ पर्यंत १२. न ताणणाऱ्या नव्या धाग्यांची दोरी वेग देते, पण टोकाला शिंग किंवा कठीण लाकडाची टोपी नसेल तर खाच चिरते.

मोडलेलं धनुष्य जळणात टाकू नका. ते उत्तर घेऊन आलेलं असतं. जोड उघडला आणि एका बाजूला गोंद काचेसारखा चकचकीत दिसला, तर पुसताना हात लागला, क्षार राहिला किंवा गोंद पिळला गेला. दोन्ही बाजूंना लाकडाचे धागे चिकटलेले दिसले, तर गोंद खरा निघाला, लाकूड हरलं. पाठीवर पेरापाशीच तुटलं तर पेर घासलं होतं. पोटावर आडव्या बारीक चुण्या दिसल्या तर तिथे जाडी कमी होती, भुजा बिजागरीसारखी एकाच जागी वाकत होती. मुठीच्या उताराशीच जोड सुटला तर उतार फार उभा आहे. दोन्ही भुजा सारख्या, अचानक, टोकाजवळ मोडल्या आणि लाकडात दुसरा दोष दिसत नाही, तर बाण न लावता दोरी सोडली असण्याची शक्यता मोठी. मुलं हे करतातच. म्हणून प्रत्येक धनुष्यावर अनुक्रमांक, तारीख, २८ इंचावरचं वजन आणि त्या दिवशीचा ओलावा तापल्या सळईने किंवा पक्क्या शाईने लिहा, वहीत तीच नोंद ठेवा. सोबत एका पानाची सूचना द्या: रिकामी दोरी सोडू नये, सराव संपला की दोरी उतरवावी, पत्र्याखाली आणि भिंतीला टेकवून ठेवू नये, आडवं टांगावं, ओढ २८ इंचांपुढे नेऊ नये. सोबत त्या मापाची खूण केलेला एक बाण द्या. वर्षभरात जोड सुटला किंवा पाठीची शीर उठली तर फुकट बदलून, इतर मोडीला अर्ध्या किमतीत दुरुस्ती. हे आधी लिहून दिलेलं असेल तर वाद होत नाही.

आता यंत्राकडे. तीन मिमीची पट्टी साध्या प्लॅनरमध्ये थरथरते, पेरापाशी ढलपा उडतो, शिवाय बांबूत सिलिका असल्यामुळे साधं पातं लवकर बोथट होतं. तुम्हाला लागतो तो उतरता फळा, म्हणजे ८५ सेंमीत दीड मिमी उतार दिलेली सरळ पाटी. तिच्यावर पट्टी बसवून अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटरवर फिरणाऱ्या, पॉलिश पेपर गुंडाळलेल्या ड्रमखालून न्यायची. तालुक्याचा वेल्डर हे बनवून देतो. धूळ ओढायची सोय आणि तोंडाला मास्क मात्र हवाच. तुमची अडचण कापणीत नाही. साचा एक आहे, तो रोज एका धनुष्यासाठी सतरा-अठरा तास अडतो. होळी ते रामनवमीच्या पुढेमागे हवा अनुकूल असते असे सात-आठ आठवडे मिळतात. दोन साचे आणि पेटी असेल तर तेवढ्यात सत्तर धनुष्यं चिकटून होतात. खर्च करायचाच तर दुसरा साचा, वीस क्लॅम्प, पेटी, काटा, आर्द्रतामापक यांवर करा. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. १५ हजारांचं अवजारांसाठीचं साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, फेडल्यावर २ लाख असं कर्ज मिळतं. लाभ कुटुंबातल्या एकालाच मिळतो, पण तिथे कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं. दोघंही विवाहित असाल तर दोघंही अर्ज करू शकता.

किमतीचा हिशोब समजा असा आहे: साहित्य १,१०० रुपये, १२ तासांचं काम ताशी ९० ने १,०८०, वीज-भाडं-कागद २२०. एकूण २,४००. तीस धनुष्यांचे ७२ हजार झाले. टिकली १९ (३० वजा वाया गेलेली ११), म्हणजे प्रत्येकी ३,७८९ रुपयांना पडलं. २७ टिकली असती तर २,६६७. तुम्ही २,४०० वर थोडं चढवून किंमत लावली असेल, तर विकलेल्या प्रत्येक नगावर घरातून पैसे घातले आहेत. त्यात व्याज धरा: ७२ हजार पंधरा महिने अडकले, १२ टक्क्यांनी १०,८०० रुपये, म्हणजे २७ नगांवर प्रत्येकी ४००. हे चारशे किमतीत लिहिल्याशिवाय संस्थेला दर देऊ नका.

त्या निवासी शाळेचं बिल. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) माल देण्याआधीची असेल तर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याने सूक्ष्म उद्योगाला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं, आणि केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर दावा करता येतो. पहिलं पाऊल दाव्याचं नको. पुरवठा आदेश, माल मिळाल्याची सही आणि बिल यांच्या प्रती जोडून त्या कायद्याच्या कलमाचा उल्लेख असलेलं साधं पत्र द्या. बहुतेकदा फाइलला एखादा कागद कमी असतो आणि कोणी सांगितलेलं नसतं. यापुढे लेखी आदेशाशिवाय एक नगही देऊ नका, आणि शक्य तिथे आठ-दहा नगांच्या दोन खेपा करा, दुसरी पहिल्याचे पैसे आल्यावर. जिल्ह्यातले क्रीडाशिक्षक आणि खासगी प्रशिक्षक रोख घेतात, निम्मा माल त्यांच्यासाठी राखा. इंडियन राउंड या तिरंदाजीच्या देशी प्रकारातल्या स्पर्धेसाठी कोणी मागितलं, तर ५० आणि ३० मीटरच्या त्या प्रकाराचं चालू वर्षाचं नियमपत्रक मागवून साहित्याची अट वाचूनच बनवा. ताडोब्याच्या वाटेवर शोभेची धनुष्यं विकली जातात. ती वेगळ्या रंगाची, बिनखाचेची करा. शोभेचं धनुष्य कोणीतरी ओढतंच आणि डोळ्याला इजा होते.

खरं उत्पन्न बाणांचं आणि दोऱ्यांचं. धनुष्य चार वर्षं चालतं, मुलं बाण महिन्यात हरवतात. सहा बाणांचा जुळा संच करायचा तर ६६ सेंमी अंतरावर दोन टेकू ठेवून काडीच्या मधे ९०७ ग्रॅम वजन टांगा. तीस पाउंडांच्या धनुष्याला २२ मिमीच्या आसपास झोळ हवा. संचातल्या बाणांच्या झोळात दीड मिमी आणि वजनात एक ग्रॅम याहून जास्त फरक नको. बारीक मानवेल इथे सोनं आहे, आणि हे काम पावसाळ्यात घरात बसून होतं.

कुरिअरने पाठवताना आकारमानाचं वजन लागतं: १७५ × १० × ८ सेंमीच्या खोक्याला ५,००० ने भागलं तर २.८ किलो, जरी धनुष्य ७०० ग्रॅमचं असलं तरी. पीव्हीसी पाइपात घातलं तर चार किलोच्या वर जातं. चपटं खोकं करा, आतून दोन बांबूच्या कांबटी लावा. राज्याबाहेर माल पाठवण्याआधी जीएसटीची नोंदणी विचारून घ्या. ४० लाखांची सूट राज्यातल्या विक्रीपुरती आहे, आंतरराज्य विक्रीला साधारणपणे नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना वेगळी सवलत आहे, तुमची वस्तू त्यात बसते का ते करसल्लागाराकडून एकदा लिहून घ्या.

भिंतीवरची सहा धनुष्यं आत्ता विकू नका. दोरी उतरवून पेटीत ४० अंशांवर तीन आठवडे ठेवा. काढल्यावर प्रत्येकाचं २८ इंचावरचं वजन घ्या, जोडाच्या रेघेवर नखाने ठोकत जा. पोकळ आवाज आला तिथे खूण करा. मग प्रत्येकी दोनशे बाण मारा. जी टिकतील ती नव्या वजनाची चिठ्ठी लावून द्या. ज्यांचा जोड वाजला ती चिरून बघा आणि त्यांच्या गोंदाच्या बाजू परत आलेल्या सहांच्या शेजारी मांडून ठेवा.